काळा प्लग, पांढरा प्लग

आमच्या घरात एका गोष्टीला तीन-तीन नावं असणं नवं नाही. हवा आणि पेट्रोल एकत्र येऊन जे तयार होतं त्याला मी शिकवते त्या उर्दू विज्ञानात ‘आमेजा’ म्हणतात, मराठीत ‘मिश्रण’, आणि माझ्या दुल्हेभाईंच्या गॅरेजमध्ये ‘मिक्चर’. तापमान पुस्तकात ‘तपिश’ असतं, गॅरेजमध्ये ती नुसती ‘गरमी’ होते. या तिन्हींमध्ये आमचं बरं चाललं होतं. मग भाचा नागपूरला विमान-देखभालीचा कोर्स करायला गेला आणि घरात चौथी भाषा आली. रिच, लीन, पीक, ई.जी.टी., सी.एच.टी. या भाषेनं एका ईदला बाप-लेकात अबोला आणला, म्हणून ही हकिकत सांगायची.

घाटंजी हे कापसाचं गाव. वाघाडी नदीच्या काठानं वसलेलं. इथं इंजिन म्हणजे मोटारसायकल, फवारणीचा पंप, जुनी लूना आणि कुणीतरी जिवापाड जपलेली चेतक स्कूटर. दुल्हेभाई या सगळ्यांचे हकीम. त्यांचं शिक्षण आठवीपर्यंतचं. पण गाडी स्टँडवर लावली, दोनदा ॲक्सिलरेटर पिळला की त्यांचा चेहरा सांगतो, दुखणं कुठं आहे. मग ते पान्यानं प्लग खोलतात, उजेडात धरतात. प्लगचं टोक काळं, काजळी धरलेलं असलं तर पेट्रोल जास्त चाललंय. विटकरी किंवा फिकट तपकिरी असलं तर तब्येत उत्तम. आणि पांढरंफटक, भाजल्यासारखं असलं की ते मान हलवतात. “मिक्चर पतला हुआ के पिस्टन गया,” हे त्यांचं वाक्य आमच्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी जेवताना भाच्यानं या वाक्यालाच हात घातला. त्याच्या अभ्यासात पिस्टन इंजिनचा एक वेगळा भाग आहे. जेट विमानांच्या काळात हे कशाला, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला होता, “खाला, पायलट पहिल्यांदा ज्या विमानात बसतो त्यात जेट नसतं. पिस्टनच असतं.” तर त्या दिवशी तो सहज बोलून गेला, “अब्बा, किताब में लिखा है, और पतला किया तो सिलिंडर ठंडा होता.” दुल्हेभाई हसले. पोरगा हसला नाही. बोलण्यावरून बोलणं वाढलं आणि शेवटी त्याच्या तोंडून निघालं, “आप का काम स्कूटर का है, आप को क्या मालूम.”

दस्तरखानावर एकदम शांतता झाली. त्याच्या फीसाठी घरामागचा प्लॉट विकला होता. तो प्लॉट या स्कूटरच्याच कामातून घेतला होता. दुल्हेभाईंनी हात धुतले आणि ईदच्या सुट्टीतही गॅरेज उघडायला निघून गेले. आपानं माझ्याकडे पाहिलं. घरात विज्ञान शिकवणारी मी एकटी, तेव्हा निवाडा माझ्याकडे आला.

मी भाच्याची पुस्तकं मागून घेतली. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण आकृती वाचायला लागत नाही. दोन रात्री बसले, आणि जे कळलं ते चुलीपासून सांगितलं तरच नीट सांगता येईल.

चुलीत लाकडं कोंबली की काय होतं? आच वाढत नाही, धूर वाढतो. भांडं काळं होतं, डोळे चुरचुरतात आणि डाळ शिजत नाही. जळायला इंधन लागतं तशी हवाही लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १५ किलो हवा लागते. हे प्रमाण ऐकून माझ्या वर्गातली मुलं हसतात, कारण हवेला वजन असतं हेच त्यांना खोटं वाटतं. पण इंजिन म्हणजे मुख्यतः हवा ओढणारं यंत्र आहे, पेट्रोल ही त्यातली चिमूटभर गोष्ट. हवेच्या मानानं पेट्रोल जास्त झालं की मिश्रण दाट, ज्याला भाचा रिच म्हणतो. कमी झालं की पातळ, म्हणजे लीन.

आता मौज अशी की दाट मिश्रणातलं न जळलेलं पेट्रोल इंजिनला थंड ठेवतं. ते वाफ होताना उष्णता घेतं, अर्धवट जळून बाहेर जातं, आणि जाताना गरमी सोबत नेतं. पेट्रोल जास्त म्हणजे गरमी जास्त, हा आपला साधा समज इथं उलटा पडतो. विमान उड्डाण घेताना वैमानिक मिश्रण पूर्ण दाट ठेवतो. त्या वेळी इंजिन पूर्ण ताकदीनं चालत असतं, आणि नाक वर करून हळू चढणाऱ्या विमानाच्या सिलिंडरांना वाराही कमी मिळतो. ताकद सगळ्यात जास्त, वारा सगळ्यात कमी. अशा वेळी ते जास्तीचं पेट्रोल पाण्याच्या मशकीसारखं उपयोगी पडतं.

या इंजिनांना बहुतेक वेळा पाण्याचा रेडिएटर नसतो. नागपूरच्या सोनेगावहून विद्यार्थ्यांना घेऊन उडणारी सेसना १५२ विमानं आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी मान वर करून पाहिली असतील. तिच्यात लायकमिंगचं चार सिलिंडरचं, सुमारे ११० अश्वशक्तीचं इंजिन असतं आणि ते मोटारसायकलीसारखंच हवेवर थंड होतं. सिलिंडरवर तशाच पातळ पातळ पाती असतात. सिलिंडरचा माथा ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि आत जळणाऱ्या वायूची आच त्याच्या तिपटीच्या आसपास जाते. माथा टिकतो तो केवळ पात्यांवरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे आणि नेमक्या मिश्रणामुळे. लायकमिंगच्या बऱ्याच इंजिनांना माथ्याच्या तापमानाची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस घालून दिलेली आहे, आणि इंजिन दीर्घकाळ टिकवायचं तर त्याच्या बरंच खाली राहावं असं कंपनीच सांगते.

विमानात दोन दांडे महत्त्वाचे. एक ताकदीचा, ज्याला थ्रॉटल म्हणतात, आणि दुसरा लाल मुठीचा, मिश्रणाचा. मोटारसायकलवर आपण मिश्रण एकदा बसवतो आणि विसरतो, कारण घाटंजी ते यवतमाळ हवेत फारसा फरक पडत नाही. विमान मात्र वर जातं. वर हवा विरळ होत जाते; सुमारे १८,००० फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो. पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे मिश्रण आपोआप दाट होत जातं. इंजिन घुटमळतं, प्लग काळे पडतात, पेट्रोल वाया जातं. म्हणून वैमानिक वर गेल्यावर लाल मूठ हळूहळू मागे ओढून पेट्रोल कमी करतो.

ओढताना त्याचं लक्ष दोन तापमानांवर असतं, आणि बाप-लेकाचं भांडण नेमकं इथं होतं. एक बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान, दुसरं सिलिंडरच्या माथ्याचं. धूर म्हणजे वाटसरू, आला तसा गेला. माथा म्हणजे घर. आग घराला लागली तर नुकसान, वाटसरू गरम असला तर तितकं नाही.

पूर्ण दाट मिश्रणापासून सुरुवात केली आणि पेट्रोल कमी करत गेलं, की धुराचं तापमान चढत जातं. हवा आणि पेट्रोल यांचा जोड जुळत आला, की ते शिखराला पोचतं; साधारण सातशे-आठशे अंश सेल्सिअस. त्याहून पातळ केलं की पुन्हा उतरू लागतं, कारण आता जाळायलाच कमी आहे. कागदावर काढलं तर हा एक डोंगर होतो. माथ्याचं तापमानही असाच डोंगर काढतं, पण त्याचं शिखर किंचित आधी येतं, दाट बाजूला. धुराचं तापमान आपल्या शिखरापासून सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस खाली असताना सिलिंडरचा माथा सगळ्यात जास्त तापलेला असतो. त्या वेळी ज्वाला सगळ्यात वेगानं पसरते आणि दाब पिस्टनवर नको इतक्या लवकर येतो. इंजिन सगळ्यात जास्त ताकद देतं तेही दाट उतारावरच, शिखराच्या ५५ ते ७० अंश अलीकडे.

हे वाचून मी वही बाजूला ठेवली. दुल्हेभाई बरोबर होते. दाट मिश्रणाकडून पातळ करत निघालं की गरमी वाढते, आणि ताकद पूर्ण असेल तर धोका फार मोठा. मिश्रण आपल्या वेळेआधी, एकदम पेटतं. गॅरेजमध्ये त्याला ‘इंजिन ठोकतंय’ म्हणतात. ठोके चालू राहिले की पिस्टनला भोक पडतं. आणि भाचाही बरोबर होता. शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर गेलं की ज्वाला मंदावते आणि माथा थंड होत जातो. दोघं एकाच डोंगराच्या दोन उतारांवर उभे राहून एकमेकांना खोटं ठरवत होते.

पण त्या पलीकडच्या उतारावर राहणं सोपं नाही. प्रत्येक सिलिंडरला सारखं मिश्रण मिळालं तरच ते जमतं. साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात एका सिलिंडरला जास्त पोचतं, दुसऱ्याला कमी. एक उतारावर असतो तेव्हा दुसरा शिखरावर भाजत असतो, आणि इंजिन थरथरू लागतं. शिवाय ताकदीवरही सगळं अवलंबून आहे. लायकमिंगचा सल्ला असा की ताकद ७५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तरच सपाट उड्डाणात मिश्रण पातळ करावं. ताकद आणखी खाली आली की माथ्यावरचा भारच एवढा कमी होतो, की मिश्रण इकडेतिकडे झालं तरी इंजिन जळत नाही. म्हणजे लाल मूठ एकटी काही ठरवत नाही. ती किती ओढायची हे शेजारचा ताकदीचा दांडा कुठं आहे त्यावर ठरतं.

आमच्या विदर्भाचं ऊन यात आणखी एक गाठ घालतं. हवा तापली की विरळ होते. सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट उंच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा प्रमाणित हवेच्या हिशेबानं जवळपास ५,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. हा हिशेब मी नववीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवला तेव्हा मुलं चाट पडली. धावपट्टीवर उभं असलेलं विमान न उडताच पाच हजार फुटांवर पोचलेलं! इंजिनला हवा कमी मिळते म्हणून ताकद कमी, मिश्रण आपोआप थोडं दाट, आणि थंड करणारा वारा स्वतःच तापलेला. वैमानिकाची कसोटी अशा दुपारी असते. माथा तापू लागला तर त्याच्याकडे उपाय मोजके: नाक खाली करून वेग वाढवायचा, म्हणजे वारा वाढतो, मिश्रण दाट करायचं, ताकद कमी करायची.

हे ज्ञान पुस्तकात सहज आलेलं नाही. १९४४ साली पॅसिफिकच्या लढाईत न्यू गिनीच्या बाजूला अमेरिकेचे पी-३८ विमानांचे तुकडीवाले वैमानिक पेट्रोल पुरत नाही म्हणून हैराण होते. अटलांटिक एकट्यानं ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग तिथं गेले. ते त्यांच्याबरोबर उडत, आणि परत आल्यावर त्यांच्या टाकीत इतरांपेक्षा बरंच पेट्रोल शिल्लक असे. त्यांची रीत अशी: फेरे कमी ठेवायचे, आत जाणाऱ्या हवेचा दाब वाढवायचा आणि मिश्रण पातळ करायचं. तरुण वैमानिकांना वाटलं, इंजिन जळून जाईल. दुल्हेभाईंना वाटलं तेच. इंजिनं जळली नाहीत, आणि विमानांचा पल्ला शेकडो मैलांनी वाढला. पण लिंडबर्ग ताकदीचा दांडा कुठं ठेवायचा हे जाणून होते. अर्धी गोष्ट ऐकून मूठ ओढणाऱ्याचं इंजिन मात्र वाचलं नसतं.

आपल्याकडेही प्लगची एक गोष्ट आहे, ती मला लिंडबर्गच्या गोष्टीहून जवळची वाटते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधलं अंतर एकट्यानं उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं. १९३० साली जे.आर.डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले आणि कोवळ्या वयाचे ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून इकडे. दोघांकडे मॉथ विमानं, चार सिलिंडरची, हवेवर थंड होणारी जिप्सी इंजिनं. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पी तिथं अडकून पडले होते, कारण त्यांच्या इंजिनाला चांगले प्लग नव्हते. जे.आर.डी.नी आपल्याकडचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. शर्यत ॲस्पींनी जिंकली. पुढं ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. आणि जे.आर.डी.नी १९३२ च्या १५ ऑक्टोबरला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणून टाटांच्या हवाई टपालसेवेची सुरुवात केली. अहमदाबादेत त्यांच्या पस मॉथ विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते.

बैलगाडी आणि विमान एका चित्रात पाहिलं की मला आमचं गाव आठवतं. आपल्या समाजात इंजिन उघडणारे हात कमी नाहीत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानंही मुस्लिमांमध्ये स्वतःच्या लहानशा धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण मोठं असल्याचं नोंदवलं आहे, आणि वाहनदुरुस्ती हा त्यातलाच एक धंदा. पण या हातांच्या ज्ञानाला आपण ‘काम’ म्हणतो, ‘इल्म’ म्हणत नाही. पोरगा चार बुकं शिकला की पहिल्यांदा तो बापाच्या हाताची काजळी पुसायला पाहतो. त्यात पोराचा दोष थोडा. त्या काजळीत विज्ञान आहे हे शाळेत त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसऱ्या दिवशी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तो डोंगर काढला आणि दोघांना बसवलं. डाव्या उतारावर लिहिलं ‘अब्बा’, उजव्या उतारावर पोराचं नाव. मी समजावून सांगत गेले. दुल्हेभाई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “टीचर, ये तो ठीक है. मगर लूना को ये दूसरी तरफ जाने मत दो.”

“का?” भाच्यानं विचारलं.

“उस का ऑइल कहाँ से आता?”

भाचा गप्प झाला. लूना, चेतक, फवारणीचा पंप ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. त्यांच्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात. पेट्रोल कमी केलं की आपोआप ऑइलही कमी होतं. मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापतो तोही, आणि कोरडा पडतो तोही. तिथं डोंगराचा दुसरा उतार थंडावा देत नाही, तिथं पिस्टन पकडतो आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. विमानाच्या चार-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वाट वेगळी, म्हणून तिथं तो उतार वापरता येतो. ही गोष्ट त्या जाड पुस्तकाच्या मी वाचलेल्या पानांत नव्हती. दुल्हेभाईंनी ती पकडलेल्या पिस्टनांतून वाचली होती.

भाच्यानं ती गोष्ट आपल्या वहीत इंग्रजीत लिहून घेतली. कॅलेंडरचा कागदही घडी करून बॅगेत ठेवला. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. संध्याकाळी तो गॅरेजमध्ये जाऊन बापाच्या बाजूला उकिडवा बसला आणि मिळेल तो प्लग उजेडात धरून पाहू लागला.

पुढं परीक्षा झाली. त्यात एक प्रश्न असा आला, की मिश्रण पातळ केल्यावर सिलिंडरच्या माथ्याचं तापमान वाढतं की कमी होतं. उत्तराचे चार पर्याय होते. त्यानं मला फोनवर सांगितलं, “खाला, पहिल्यांदा मी बघितलं की डोंगराच्या कोणत्या बाजूनं विचारलंय.” तो पास झाला. नंतर प्रात्यक्षिकासाठी एका हँगरमध्ये त्यांच्या तुकडीला छोट्या विमानाचं इंजिन उघडायला दिलं. त्या रात्री फोन स्पीकरवर होता. आपा विचारत होती जेवलास का, मी विचारत होते इंजिन कोणतं होतं. दुल्हेभाई जरा दूर बसून तसबीह फिरवत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी तिथूनच एकच विचारलं,

“प्लग का रंग कैसा निकला?”

“तपकिरी, अब्बा,” तो मराठीतच म्हणाला. “खालचे दोन जरा काळे होते. जमिनीवर इंजिन फार वेळ दाट मिश्रणावर चालवलं असेल.”

दुल्हेभाईंनी मान हलवली आणि तसबीहचा पुढचा मणी ओढला.